फीत लागेपर्यंत

खडकी बाजारातली कुत्री धावणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या मागे लागतात. सायकल, रिक्षा, मिलिटरीचा ट्रक. मेट्रो सुरू झाली तेव्हा तर डोक्यावरून जाणाऱ्या गाडीमागेही ती मान वर करून पळाली आणि खांबांवर आपटली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लांजेवारभाऊंच्या वाटेला मात्र ती जात नसत. म्हणजे एकदा गेली होती. भाऊंनी त्यांना बोपोडीवरून थेट विद्यापीठापर्यंत नेलं आणि तिथून परत आणलं. त्यातली दोन आमच्या कारखान्याच्या गेटपाशी जीभ बाहेर टाकून आडवी झाली आणि तिसरं, तुमचा विश्वास बसो न बसो, रिक्षातून परत आलं.

गणपत लांजेवार हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ भंडाऱ्याकडचे. तरुणपणी खेळाडूंच्या कोट्यातून आमच्या कारखान्यात लागले, लेथवर उभे राहिले आणि मॅरेथॉनमध्ये देशात पहिले आले. एकदाच नव्हे, लागोपाठ आले. त्या काळात वर्तमानपत्रात त्यांचा फोटो यायचा आणि तो नेहमी अर्धाच यायचा, कारण फोटोग्राफरने बटण दाबेपर्यंत पुढचा अर्धा लांजेवार चौकटीबाहेर गेलेला असायचा. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. अंथरुणात गेले, साध्या तापाने.

मी त्याच कारखान्याच्या कॅन्टीनचा सुपरवायझर होतो आणि निवृत्त झाल्यावर खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो. कॅन्टीनने मला जे काही दिलं ते मी अंगावर वागवतो. भाऊ मला नावाने कधीच हाक मारत नसत. ते मला ‘गोडाऊन’ म्हणत.

“काहून गोडाऊन, आज किती माल भरला?”

“तुमच्या वाटचा पण भरला, भाऊ. तुम्ही काही खात नाही, वाया कसा घालवायचा?”

“भर, भर. उद्या दुष्काळ पडला तर आमाले कामी येशीन.”

पुण्यात चाळीसेक वर्षं काढली, पण जिभेवरचा भंडारा काही उतरला नाही. माझ्या शेजारचे केळकर, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि उच्चारांच्या बाबतीत कमालीचे सोवळे. ते एकदा म्हणाले, “लांजेवार, आपण एवढ्या वेगाने धावता, मग एवढ्या वर्षांत ‘मला’पर्यंत का पोचला नाहीत? अजून ‘मले’पाशीच आहात.” भाऊ शांतपणे म्हणाले, “मी त्याच्या पुढून गेलो होतो साहेब, पण तिथे पाणी ठेवलेलं नव्हतं.” केळकर त्यानंतर आठवडाभर कुणाच्या व्याकरणात पडले नाहीत.

आता नाडीची गोष्ट. कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी सगळ्यांची तपासणी व्हायची. एका वर्षी नवीन कंपाउंडर आला होता. त्याने भाऊंच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहत बसला, दुसरं मनगट धरलं, मग मानेला हात लावला आणि बाहेर येऊन हळूच विचारलं, “यांच्याबरोबर कोणी नातेवाईक आहेत का?” मी आत जाऊन पाहिलं तर भाऊ टेबलावर बसून भिजवलेले चणे खात होते. लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदय सावकाश चालतं, हे त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊंचं तर इतकं सावकाश चालायचं की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाने चहा पिऊन यावं.

त्यांची सावलीही त्यांच्या मागून घरी यायची, दार ठोठावायची आणि सुमनवहिनी तिच्यासाठी पुन्हा दार उघडायच्या, असंही मी कॅन्टीनमध्ये पुष्कळांना सांगितलेलं आहे. माझ्या गोष्टींतलं खरं किती आणि चढवलेलं किती, हे भाऊंना कधी विचारलं तर ते म्हणत, “गोडाऊन सांगते ते खरंच असते. फक्त मी अजून तेवढा धावलो नाई.”

धावण्याबद्दल बोलायला त्यांना आवडायचं नाही. कारखान्यातली तरुण पोरं येऊन विचारायची, भाऊ, काही टिप्स द्या ना. भाऊ म्हणायचे, “सकाळी उठ. बूट घाल. दार उघड. बाकीचं रस्ता करते.” एवढंच. शर्यतीत पाणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ग्लास पुढे केला की हे निम्मं प्यायचे आणि उरलेलं परत द्यायचे. जोराने धावणारा माणूस ग्लास फेकून देतो, हे परत देत. मग त्याच्या हातात पाण्याचा ग्लास, अंगावर पाणी, आणि त्याने ‘अहो’ म्हणेपर्यंत समोर लांजेवार नाहीत.

एकदाच ते देशाबाहेर गेले. आशियातली मोठी शर्यत होती. तिथे हवा कशी मानवली नाही, रात्रभर उलट्या झाल्या आणि अर्ध्या वाटेत पाय जमिनीला चिकटले. बाकीची माणसं शर्यत सोडतात आणि गाडीत बसतात. हे उरलेलं अंतर पूर्ण करून आले. स्टेडियममध्ये पोचले तेव्हा बक्षीस समारंभ संपून झाडलोट चालली होती. हे मी वाढवून सांगत नाही, कारण हे त्यांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना ते हसले नाहीत. “फीत गुंडाळून ठेवली होती गोडाऊन,” ते म्हणाले, “झाडूवाल्याले म्हटलं, बाप्पा, जरा लाव ना. त्याले माही भाषा समजली नाई. पण त्याने लावली.”

त्यांची ती एक गोष्ट फार जुनी होती. फीत लागल्याशिवाय त्यांची शर्यत संपत नसे. बाकीचे धावपटू शेवटची रेघ ओलांडतात, मग जरा पळतात, हात वर करतात, कोणाच्या तरी गळ्यात पडतात. भाऊ तसे नव्हते. छातीला फीत लागली की हा माणूस मागचा पाय हवेत असतानाच बंद पडायचा. जणू कोणी भिंतीवरचं बटण दाबलं. चेहरा एकदम रिकामा व्हायचा, आणि मग हळूहळू त्यात गणपत लांजेवार परत येऊन बसायचे.

निवृत्त झाल्यावरही पहाटेचा त्यांचा फेरा सुटला नाही. सुमनवहिनी उठून दार उघडायच्या, भाऊ बाहेर पडायचे. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरचा दिवस असाच सुरू व्हायचा. इमारतीतल्या कोणालाही घड्याळ लावायची गरज नव्हती. वरच्या मजल्यावर कडी वाजली की खालच्या मजल्यावर मी कूस बदलायचो.

मग एका सकाळी ते उशिरा परत आले. इतके उशिरा की वहिनी खाली गल्लीत येऊन उभ्या होत्या. आले ते घामाने निथळत आणि चिडलेले. “स्टेशनचा रस्ता कोणी हलवला?” असं विचारलं. आम्ही हसलो. मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि म्हणालो, “महापालिकेने भाऊ, खोदून दुसरीकडे ठेवला.” पुण्यात रस्त्याबद्दल काहीही सांगितलं तरी खपतं. पण भाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंग पाटी लावायले पाह्यजे ना.”

यापुढचं सांगताना मला माझ्या पदरचं काही घालावं लागत नाही. तेच पुरे आहे.

विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते लांबलचक होतं. आधी त्यांना माणसांची नावं सुटली, मग वार सुटले, मग आपण निवृत्त झालोय हे सुटलं. आणि त्यानंतर एके दिवशी त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आज शर्यत आहे. रोजच आज शर्यत. आणि एवढं सगळं विसरलेल्या या माणसाचे पाय काहीएक विसरले नव्हते.

तुम्ही विचार करा. दुसऱ्या कोणाच्या घरात विसराळू म्हातारा असला आणि तो दारातून बाहेर पडला तर काय करतात? कोपऱ्यावर जाऊन हात धरतात आणि परत आणतात. आमच्या म्हाताऱ्याच्या मागे अख्खी गल्ली पळाली तरी तो कोपऱ्यावर सापडत नसे. तो तिसऱ्या कोपऱ्यावर असायचा. पिठाच्या गिरणीवाला पोरगा पळाला, परत येऊन ओकला. केळकर एकदा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, “लांजेवार, मी आपल्याला थांबायची विनंती करतो आहे.” भाऊंनी त्यांना डावीकडून काढलं. रिक्षावाल्या इस्माईलने रिक्षा बाजूबाजूने चालवली आणि ओरडला, “भाऊ, बसा! सोडतो घरी!” भाऊ धावता धावता म्हणाले, “फाउल हाय ते.” मी स्कूटर काढली. माझ्याच्याने आणि स्कूटरच्याने जेवढं झालं तेवढं झालं. पेट्रोल संपलं तेव्हा ते मला हात दाखवून पुढे गेले. मला वाटतं, त्यांना मी मागे पडलेला धावपटू वाटलो. “दम टिकव,” असं म्हणाले.

पहिल्यांदा ते सापडले बिबवेवाडीत. एका किराणा दुकानदाराने बसवून ठेवलं होतं. सदऱ्याच्या आत मुलाने शिवून दिलेली फोन नंबरची चिठ्ठी होती, म्हणून सापडले.

मुलाचं नाव प्रशांत. हिंजवडीला कंपनीत, राहायला वारज्यात, नवव्या मजल्यावर. चांगला मुलगा. वडिलांसारखा दिसतो, फक्त जागच्या जागी. त्याने बाबांसाठी एक घड्याळ आणलं. मनगटावर बांधायचं, आणि माणूस कुठे आहे ते आपल्याला मोबाईलवर नकाशात दिसतं. दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी भाऊ निघाले आणि आम्ही निवांत मोबाईल घेऊन बसलो. नकाशावर ते बाजारात होते. बाजारातच फिरत होते. मटणाच्या दुकानापाशी थांबले, पुढे गेले, परत मटणाच्या दुकानापाशी आले.

“बाबा मटण खात नाहीत,” प्रशांत फोनवर म्हणाला. “काका, तुम्ही जरा बघून या ना, प्लीज.”

मी जाऊन पाहिलं. दुकानापाशी एक पिवळं कुत्रं बसलं होतं आणि त्याच्या गळ्यात घड्याळ होतं.

त्याच वेळी भाऊ वारज्याच्या पुलाजवळ हायवेवर होते. तेही प्रशांतच्या घराकडे निघाले म्हणून नव्हे. रस्ता तिकडे जात होता म्हणून. ट्रक दोन्ही बाजूंनी जात होते. एका ट्रक ड्रायव्हरने गाडी आडवी घालून मागची सगळी वाहतूक थांबवली, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला आले. बूट फाटून अंगठे बाहेर आले होते आणि मोजे रक्ताने बुटाला चिकटले होते. मी आणि प्रशांत त्यांना घ्यायला गेलो तेव्हा ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “गोडाऊन, ही शर्यत कोणी ठेवली? संपतच नाई बाप्पा.”

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर जे बोलणं झालं ते मला जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं नाही. मला बोलावूनच घेतलं होतं.

प्रशांत म्हणाला, “आई, आता बास. मी त्यांना वारज्याला नेतो. सिक्युरिटी आहे, लिफ्ट आहे. दाराला बाहेरून कुलूप लावू. मलाही आवडत नाहीये, पण प्रॅक्टिकली दुसरं काही नाही. तू बघितलंस ना आज? एक ट्रक, आई. एकच ट्रक लागतो.”

वहिनी भाऊंच्या पायाला हळद लावत होत्या. भाऊ खुर्चीत बसून भिंतीवरच्या त्यांच्याच जुन्या फोटोकडे पाहत होते, परक्या घरी गेल्यावर आपण पाहतो तसं.

“मी या माणसाला लग्न झाल्यापासून रोज दार उघडून दिलं,” वहिनी म्हणाल्या. “दुसरं काही दिलं नाही रे. सोनं-नाणं नाही, सासरवाडीचा थाट नाही. फक्त दार उघडून दिलं. आता मीच बाहेरून कडी घालू?”

“मग काय करायचं, सांग.”

“मला विचार करू दे.”

“आई, अजून एकदा असं झालं तर मी विचार करायला वेळ देणार नाही.” असं म्हणून तो रडायला लागला आणि रडतारडता वडिलांच्या पायाखाली टॉवेल सरळ करू लागला. भाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “हरला काय?”

वहिनींना काय सुचलं ते कळायला हवं असेल तर एक जुनी शर्यत सांगावी लागते.

पुण्यातलीच शर्यत होती. भाऊ ऐन भरात होते. शेवटच्या रेघेवर आयोजकांनी मोठी लाल फीत बांधून ठेवली होती, धावपटू यायचे होते. प्रमुख पाहुणे वेळेआधी आले. पाहुण्यांनी आयुष्यात बांधलेली फीत पाहिली की ती कापली होती. पाणीपोई, शौचालय, दंतचिकित्सा शिबिर, काही सोडलं नव्हतं. त्यांनी ही फीत पाहिली आणि हात पुढे केला. “कात्री?” आयोजकांपैकी कोणाची हिंमत झाली नाही. कोणीतरी बँडवाल्याच्या पेटीतून कात्री आणून दिली. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि पाहुणे पुढच्या फितीकडे रवाना झाले.

थोड्या वेळाने लांजेवार आले. पहिले. मागे दूरवर कोणी नाही. लोक ओरडायला लागले, “जिंकलात! थांबा!” भाऊंनी रेघ पाहिली, फीत पाहिली नाही, आणि ते थांबले नाहीत. स्टेडियमच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडले. आयोजक करंडक घेऊन जीपमधून मागे. बेचाळीस किलोमीटर संपवलेला माणूस पुढे कुठवर जाईल असं त्यांना वाटलं असणार. तो खडकीपर्यंत गेला. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तेव्हा आम्ही राहायचो. दोन ओळींच्या मधल्या वाटेत वहिनींनी दोरीवर नुकतंच धुतलेलं, लाल काठांचं लुगडं वाळत घातलं होतं. भाऊ वळणावरून आले आणि छाती पुढे काढून त्या ओल्या लुगड्यात घुसले. दोरी तुटली. भाऊ थांबले. लुगडं अंगाभोवती, पाणी गळतंय, आणि चेहऱ्यावर तो रिकामेपणा.

“झालं,” ते म्हणाले.

“झालं काय? आत्ता धुतलं होतं ते!” साबणाच्या हाताने वहिनी बाहेर आल्या. त्यांना बिचाऱ्यांना शर्यतीचं काय माहीत! मागून जीप आली आणि राज्याचा करंडक आम्ही नळापाशी वाळूच्या ढिगाऱ्यावर ठेवून दिला. त्याच्यात नंतर कोणीतरी भांडी घासायची राख ठेवली होती.

तर ही गोष्ट वहिनींना आठवली. दुसऱ्या दिवशी पहाटे वरची कडी वाजली. भाऊंच्या पायाला फडकी बांधलेली, तरी निघालेच. माझ्या दारावर थाप पडली. वहिनी उभ्या होत्या, हातात एक साडी.

“भाऊजी, जरा एक टोक धरता?”

मी विचारलं नाही. आम्ही गल्लीच्या तोंडाशी गेलो, ह्या बाजूला त्या, त्या बाजूला मी. माझ्याइतका भक्कम खांब खडकी बाजारात दुसरा नव्हता. भाऊ कोठून तरी फेरा घेऊन गिरणीच्या वळणावरून आले, नेहमीप्रमाणे आमच्या इमारतीवरून पुढे निघून जाणार होते. त्यांना साडी दिसली. आणि मी तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या पाठीचा कणा जो सरळ झाला! हात आखडले, छाती पुढे आली. साडीत घुसले. थांबले. मागचा पाय हवेत.

वहिनींनी साडी त्यांच्याभोवती गुंडाळली आणि म्हणाल्या, “झालं. चला घरी.”

“झालं?” भाऊ म्हणाले.

“झालं. पहिले आलात.”

आणि ते घरी गेले. चहा घेतला. दिवसभर खिडकीत बसून राहिले, समाधानाने, शर्यत झालेल्या माणसासारखे.

मग आम्ही रोज ते केलं. पावसाळ्यात, उन्हाळ्यात. भाऊ बाहेर पडले की आम्ही गल्लीच्या तोंडाशी. आता ते लांब जात नव्हते, कारण वळणावरून एकदा साडी दिसली की पुढे जाण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्याच फेऱ्यात विजय. केळकर पहिले काही दिवस गॅलरीतून टोमणे मारत राहिले. “स्पर्धक एक आणि रोज तोच पहिला. निकाल ठरवून लावताय तुम्ही.” मग एके सकाळी मी पाहिलं तर केळकर खाली, स्वेटर घालून, आमच्या आधी. “माझं काही नाही,” ते म्हणाले, “झोप लागत नाही, म्हणून आलो.” झोप न लागणाऱ्यांची संख्या वाढत गेली. गिरणीवाला, इस्माईल, दूधवाला, समोरच्या शिंपीणबाई. भाऊ आले की सगळे आरडाओरडा करायचे. मॉर्निंग वॉकला निघालेले परके लोक थांबून विचारायचे, काय आहे हो? इस्माईल म्हणायचा, “नॅशनल चॅम्पियन आहे. तुमच्या गल्लीत आहे का?”

“टायमिंग?” भाऊ साडीतून डोकं बाहेर काढून विचारायचे.

“सुधारलं,” वहिनी म्हणायच्या.

“अजून सुधरते.”

एका रविवारी प्रशांत आला. लांब उभा राहून त्याने सगळं पाहिलं. पुढच्या रविवारी लवकर आला आणि माझ्या हातातलं टोक त्याने घेतलं. भाऊ आले, थांबले, आणि साडी गुंडाळणाऱ्या मुलाकडे निरखून पाहत म्हणाले, “तुमी कोणत्या क्लबचे?”

“तुमच्याच,” प्रशांत म्हणाला.

“मंग जरा वजन कमी करा,” भाऊ म्हणाले. सगळे हसले. प्रशांतही हसला, आणि मग कितीतरी वेळ साडीची घडी घालत बसला. नीट घडी झाली होती, तरी मोडून पुन्हा घालत होता.

कुलपाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण तो त्याच्या मनात असणार, कारण दर फोनला तो आईला विचारायचा, आज आले ना परत? त्या प्रश्नाचं ओझं कायमचं उतरलं ते गेल्या थंडीत, आणि उतरलं ते असं.

त्या सकाळी धुकं होतं. आम्ही साडी धरून उभे होतो आणि भाऊ नेहमीपेक्षा उशिरा गिरणीच्या वळणावरून आले. चालत आले. हात बाजूला सैल सोडलेले. गिरणीवाला ओरडला, केळकरांनीही “चला, चला” केलं. भाऊंनी मान वळवून मागे पाहिलं, आपल्या मागून कोणी येतंय का ते. मग साडीपाशी येऊन थांबले. आम्ही तशीच धरून उभे. वहिनी म्हणाल्या, “या ना. या, आली फीत.”

भाऊंनी दुसऱ्याची वाळत घातलेली धुणी उचलावीत तशी साडीची खालची कड दोन बोटांनी अलगद वर केली, वाकले, खालून अलीकडे आले आणि आमच्याकडे वळून आमच्या शेजारी उभे राहिले. बघणाऱ्यांच्या बाजूला. पलीकडे फक्त रस्ता राहिला.

“अजून कोणी आलं नाई?” त्यांनी विचारलं.

वहिनींनी आपल्याकडचं टोक मनगटाभोवती गुंडाळून घेतलं. “नाही,” त्या म्हणाल्या.

“पुढे कोण हाय?”

केळकर चष्मा पुसायला लागले.

“लांजेवार,” वहिनी म्हणाल्या.

“कोठचा तो?”

“भंडाऱ्याचा हाय.” पुण्यात आल्यापासून वहिनी पुण्यासारखं बोलायच्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ‘हाय’ ऐकलं.

भाऊंनी मान डोलावली. “मंग येईन. तिकडचे पोट्टे सोडत नाई.” त्यांनी डोळ्यांवर हात धरून धुक्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले. माझा हात जरा खाली आला होता.

“वर धरा ना बाप्पा, नीट ताणून,” ते म्हणाले. “लय लांबून येऊन राहिला तो.”

मी हात वर केला.